फादरांची बदली झाली? मग हे करा

वसईत चर्चच्या फादरांची बदली म्हणजे घरातलंच माणूस चाललंय असं वाटतं, पण आधी बिशप हाऊसचं, म्हणजे बिशपांच्या कार्यालयाचं पत्र येऊ द्या, तोवर व्हॉट्सअ‍ॅपवर नवीन नाव फिरवू नका, ऐनवेळी बदलतं कधीकधी. पत्र आलं की मिस्सा (चर्चमधली उपासना) संपल्यावरच्या सूचनांत एकदमच सांगून टाका, निरोप कधी, नवे फादर कधी, ऑफिसची वेळ काय.

खरं काम ऑफिसात. बाप्तिस्मा, लग्न, मरण ही रजिस्टरं ठेवायचा नियमच आहे, कॅनन लॉ म्हणजे चर्चच्या कायद्याचं कलम ५३५, तर शेवटची नोंद दाखवूनच ती नव्या फादरांकडे द्या, बँकेच्या सह्या बदला, आणि ज्यांची लग्नं ठरलीत त्यांची यादी वेगळी काढा. आणि बोर्डवरचा मोबाईल नंबर!! आमच्याकडे तो जुन्याच फादरांचा राहिला, रात्री दीडला कुणीतरी आजारी आजीसाठी फोन केला तर फादर दुसऱ्या गावात.

निरोपाला शाली नकोत हो, दोन बॅगा घेऊन निघतो तो माणूस, वीस शाली कुठे ठेवणार? सुकेळी म्हणजे सुकवलेली केळी द्या, प्रवासात संपतात.