आखूड शॉटगनवर कोरकाम
आमच्या टेक्ससमध्ये १८ इंचांहून आखूड नळीची शॉटगन स्वतः बनवायची, तर एटीएफकडून (शस्त्रांवर देखरेख ठेवणारी अमेरिकेची केंद्रीय संस्था) फॉर्म १, म्हणजे असं शस्त्र बनवण्याच्या परवानगीचा अर्ज, मंजूर होईपर्यंत करवत कपाटातच राहू द्या.

आधी सक्तीची अक्षरं: तुमचं नाव, शहर, राज्य. खोली किमान ०.००३ इंच, तीही मूळ सपाट पृष्ठभागापासून. कडेला उठलेली धातूची किनार मोजायची नाही. मूळ सिरियल नंबरला हात लावू नका, तो खोडणं गुन्हा आहे.

नक्षी नंतर. केस-हार्डन केलेल्या, म्हणजे वरचा थर कडक केलेल्या, रिसीव्हरवर (बंदुकीचा मधला मुख्य भाग) हातातली छिन्नी घसरते, म्हणून वेलबुट्टी मी आधी मऊ पोलादाच्या पट्टीवर गिरवतो. ब्लूइंग, म्हणजे पोलादाला निळसर-काळा रंग देणं, सगळ्यात शेवटी, नाहीतर प्रत्येक रेघ पांढरी चमकते. काहींना तेच आवडतं म्हणा, मला नाही.