पाडव्याला एसी: मस्कतच्या उन्हाळ्याआधीची तयारी

मस्कतला नव्याने आलेल्या मराठी मंडळींना मी आधी एकच सांगते: एसीची सर्व्हिस मेमध्ये नाही, पाडव्याला करून घ्यायची. गुढी उतरवली की त्याच आठवड्यात मेकॅनिकला फोन. एकदा पारा चाळिशी ओलांडून बसला की गल्लीतले सगळे एसी एकदम आजारी पडतात, आणि मार्चमध्ये "आज संध्याकाळी येतो" म्हणणारा माणूस "पुढच्या गुरुवारी बघू" म्हणायला लागतो. शिवाय जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उन्हात काम करायला इथे कायद्यानेच बंदी आहे. ती योग्यच आहे. गच्चीवरच्या आउटडोअरच्या, म्हणजे एसीच्या बाहेरच्या युनिटच्या, पत्र्याला मी एकदा जूनमध्ये हात टेकवला होता, चार दिवस तळहात चुरचुरत होता. म्हणजे कामाला उरते फक्त सकाळ, आणि सकाळ सगळ्यांनाच हवी असते.

मी नागपूरची, त्यामुळे उन्हाचं मला कौतुक नव्हतं. पण नागपुरात मेमध्येसुद्धा रात्री गच्चीवर पाणी मारून गादी टाकता येते. इथे डोंगराचा काळा दगड दिवसभर तापतो आणि रात्री ती ऊब परत देतो. मस्कतच्या पुढे किनाऱ्यावर कुरियात आहे, तिथे २०१८ च्या जूनमध्ये अख्ख्या दिवसरात्रीत पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरला नव्हता. एसीला रात्रीचीही उसंत नाही, म्हणून त्याची जी काही आजारपणं काढायची ती आधीच काढायची.

घरात थोडं सामान जमवून ठेवा: जुना मऊ ब्रश, दोन टूथब्रश, टॉर्च, बादली, लांब नळी, आणि तार लावलेला छोटा डिजिटल थर्मामीटर. हा थर्मामीटर दोन-तीन रियालला मिळतो. तो का लागतो ते पुढे सांगते.

एसीच्या आतल्या जाळ्या (फिल्टर) तुमच्या तुम्ही धुवायच्या, त्याला माणूस बोलवू नका. एरवी पंधरा दिवसांनी आणि वाळवंटावरून घर्बी वारा सुटला की दर आठवड्याला. नळाखाली जाळी उलटी धरायची, म्हणजे पाणी स्वच्छ बाजूने शिरून धुळीच्या बाजूने बाहेर पडतं. सुलटी धरली तर तीच धूळ छिद्रांत घट्ट बसते. सावलीत वाळवायची, उन्हात ठेवलेली प्लास्टिकची चौकट संध्याकाळपर्यंत पापडासारखी वाकते आणि मग खाचेत बसत नाही.

खरी गंमत ड्रेन पाइपची, म्हणजे एसीतलं पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीची. नवीन माणूस हमखास इथेच फसतो. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की एसीतून पाणी थेंबथेंबच येतं. त्या थेंबात धूळ कालवली जाते आणि पाइपात वाळून बसते, मातीच्या चुलीला लिंपल्यासारखी. मग कधीतरी वारा फिरतो, समुद्राकडून दमट हवा येते, आरशावर वाफ धरते आणि त्याच रात्री एसी बादलीभर पाणी काढतो. पाइप तर लिंपलेला! ते पाणी एसीतल्या पाणी साचायच्या तबकातून ओसंडून थेट भिंतीवर. आमच्या पहिल्या उन्हाळ्यात ते भिंतीवरून कपाटात उतरलं होतं आणि दोन पैठण्या कपाटातच होत्या. तेव्हापासून मार्चमध्ये मी इनडोअरच्या (खोलीतल्या युनिटच्या) तबकात तांब्याभर पाणी अगदी हळू ओतते आणि मुलाला खाली पाइपच्या तोंडाशी उभं करते. त्याने "आलं!" म्हणून ओरडायला मिनिटापेक्षा जास्त वेळ लागला तर पाइप साफ करायचा. बाहेरच्या टोकाला व्हॅक्यूम क्लिनरची नळी ओल्या फडक्याने गुंडाळून धरली आणि मिनिटभर ओढलं तर बहुतेक वेळा गाळ निघतो. मात्र क्लिनर पाणी ओढणारा हवा. आतून फुंकर मारू नका, घाण तबकात परत येते. पाइपचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेलं नको आणि मध्ये कुठे झोळ पडलेला नको. हे निघालेलं पाणी पोछ्याला, झाडांना चालतं. प्यायला नाही.

आता गच्ची. भाड्याच्या घरात गच्चीची किल्ली वॉचमनकडे असते, ती एका सकाळसाठी मागून घ्या आणि स्वतः वर जा. मेकॅनिक "सर्व्हिस झाली" म्हणतो तेव्हा त्याने वर पाऊल ठेवलं होतं की नाही हे तुम्ही आधी पाहिलेलं असेल तरच कळतं. आउटडोअरच्या पंख्याच्या बाजूने सगळं छान दिसतं. बघायची ती मागची बाजू, भिंतीकडची, जिथून हवा आत ओढली जाते. तिथे ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांवर धुळीची गोधडी चढलेली असते, राखाडी, बोटाने सोलून निघेल अशी. खोलीतली सगळी उष्णता बाहेर जाते ती या पट्ट्यांमधून. त्या बुजल्या की कंप्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) तापतो, बिल चढतं, आणि भर दुपारी एसी स्वतःच बंद पडतो. लोकांना वाटतं गॅस संपला.

धुण्याआधी आउटडोअरजवळचा आयसोलेटर (वीज तोडायचा स्विच) बंद करा, आणि खाली घरातल्या विजेच्या डब्यातला एमसीबीचा खटकासुद्धा. आधी कोरड्या ब्रशने पट्ट्यांच्या दिशेने, वरून खाली, धूळ उतरवा. मग साध्या नळीने हलकं पाणी सोडा. गाडी धुवायचं प्रेशरचं यंत्र अजिबात नको, पट्ट्या लोळागोळा होतात आणि हवा कायमची अडते. झाकण काढून आतून बाहेर पाणी मारणं सगळ्यात चांगलं, पण ते मेकॅनिककडून करून घ्या, कारण झाकणाआड कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा डबा) असतो आणि तो वीज बंद केल्यावरही चार्ज धरून ठेवतो. सकाळी सात-आठच्या आत आटपा. नंतर गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चहाला ठेवल्यासारखं होतं. अझैबा किंवा सीबच्या किनाऱ्याजवळ राहत असाल तर महिन्यातून एकदा नुसतं पाणी मारा; खारं वारं ॲल्युमिनियमला खातं, आणि नळाचं पाणी समुद्राचंच असलं तरी मीठ काढलेलं असतं.

वर गेलाच आहात तर आणखी दोन-तीन गोष्टी बघून घ्या. तांब्याच्या पाइपांवरचं काळं रबर उन्हाने बिस्किटासारखं चुरलेलं असतं. नवीन घालून वर पांढरी टेप गुंडाळायला सांगा. दोन आउटडोअर एकमेकांच्या तोंडात गरम हवा फेकत नाहीत ना? सावलीसाठी वर पत्रा चालेल, पण काही जण चारी बाजूंनी पेटी करतात, मग आतली गरम हवा तिथेच फिरते आणि सावलीचा फायदा शून्य. आणि युनिटच्या मागे साळुंकीचं घरटं. या साळुंक्या इथल्या नाहीत, आपल्यासारख्याच बाहेरून आलेल्या, आणि आपल्यासारख्याच एसीजवळ राहतात. मार्चमध्ये काड्या काढल्या तर बरं, पिल्लं झाल्यावर माझं तरी धाडस होत नाही.

मेकॅनिक आला की समोर उभ्या राहा. इनडोअरची कॉइल (गार होणाऱ्या नळ्या-पट्ट्या) आणि हवा फेकणारा नळकांड्यासारखा ब्लोअर दोन्ही धुवायला सांगा. खाली प्लास्टिकची झोळी लावून धुतात, त्यातून निघणारं पाणी चहासारखं तपकिरी असतं. ब्लोअर तसाच सोडला तर ओल्या मोज्यांचा तो वास आठवड्याभरात परत येतो. मग कपॅसिटर मीटरने मोजायला लावा. त्यावर छापलेल्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांनी उतरला असेल तर आत्ताच बदला. उष्णतेने तो हमखास मरतो, आणि मरतो तेव्हा सुट्टीचा शुक्रवार असतो.

आणि गॅस. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद पाइपात तोच वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय, बहुतेक वेळा पाइपच्या जोडाच्या नटापाशी, जिथे तेलकट डाग दिसतो. आमच्याकडे एका कंपनीचा माणूस सलग 3 वर्षं "मॅडम, गॅस कम है" म्हणून भरून गेला, जोडाला साबणाचा फेस लावून बघितला नाही. चौथ्या वर्षी दुसऱ्या मल्याळी भाईने फेस लावला, बुडबुडा दाखवला, नट नव्याने बसवला, हवा पूर्ण ओढून काढली आणि काट्यावर वजन करून गॅस भरला. त्यानंतर पुन्हा भरावा लागलेला नाही. कुठला गॅस आणि किती ग्रॅम हे आउटडोअरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. त्या पाटीचा फोटो फोनमध्ये ठेवा. आर-२२, आर-४१०ए, आर-३२ ही या गॅसची नावं; आर-२२ च्या एसीत आर-४१०ए घालायचा नाही. आर-३२ पेट घेऊ शकतो, म्हणून त्या कामाच्या वेळी सिगारेट नाही.

आता तो थर्मामीटर. एसी पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, मग वरून आत जाणाऱ्या आणि खालून बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान घ्या. ८ ते १२ अंशांचा फरक असला की "गॅस कम है" ऐकून घ्यायचं कारण नाही. दमट दिवशी फरक थोडा कमीच येतो, कारण एसीची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते. हे आकडे तारखेसह कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवते मी. नवरा हसतो.

पाइप भिंतीतून जातो ते भोक पुट्टीने बुजवा, दाराखाली पट्टी लावा, पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा. नवीन एसी घ्यायचाच असेल तर टी-३ (जास्त उष्ण हवेसाठीचा वर्ग) लिहिलेला घ्या. त्याची क्षमता ४६ अंशांवर मोजलेली असते, टी-१ ची ३५ वर.

उरली सुट्टीची तयारी. शाळेला सुट्टी लागली की आपण भारतात, आणि घर दीड महिना बंद. जाण्याच्या आदल्या दिवशी जाळ्या धुवा, निघायच्या आधी तासभर एसी नुसत्या पंख्यावर चालवून कॉइल कोरडी करा, मग एमसीबी पाडा. आम्ही एका खोलीतला एसी मात्र २८ वर चालू ठेवतो आणि सगळ्या खोल्यांची दारं उघडी. एका वर्षी सगळे बंद करून गेलो, तर चामड्याच्या चपलांवर आणि ज्ञानेश्वरीच्या पुठ्ठ्यावर हिरवी बुरशी आली होती. किल्ली शेजाऱ्यांकडे द्या, आठवड्यातून एकदा चालू एसीखालची फरशी कोरडी आहे का एवढंच त्यांनी बघायचं. बंद खोल्यांच्या रिमोटमधले सेल काढून ठेवा, गळून रिमोट खराब होतात. आणि सेल कुठे ठेवले ते एका चिठ्ठीवर लिहून ती एमसीबीच्या डब्यावर चिकटवा, कारण विमान उतरतं रात्री दोनला आणि तेव्हा कुणालाच काही आठवत नाही.