राष्ट्रीय एकल गायन-वादन स्पर्धा सोलापुरात भरवताय? या चुका टाळा

आमच्या स्पर्धेचं दुसरं वर्ष होतं. सतरा वर्षांची एक मुलगी बंगालहून सतार घेऊन आली होती, दोन गाड्या बदलून. तिचं नाव पुकारलं, ती रंगमंचावर बसली आणि नेमका डोक्यावरच्या एसीचा थंड झोत सतारीवर येऊ लागला. आत खोलीत तासभर बसून लावलेल्या तरफा, म्हणजे मुख्य तारांखालच्या झंकारणाऱ्या बारीक तारा, एकेक करून सुरातून निसटल्या. घड्याळ मात्र नाव पुकारल्याबरोबर सुरू झालं होतं. दहापैकी सव्वाचार मिनिटं खुंट्या पिळण्यात गेली आणि गत, म्हणजे सतारीवरची बंदिश, रंगात येते न येते तोच घंटा वाजली. परीक्षकांना वाकून नमस्कार करून ती निघून गेली. मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण तिच्याकडून काहीही चुकलं नव्हतं. चुकलो आम्ही होतो.

तेव्हापासून आम्ही सगळी आखणी त्या दहा मिनिटांपासून उलटी करत आणतो.

घड्याळ कधी सुरू करायचं

पहिला स्वर लागल्यावर, त्याआधी नाही. वाद्य लावायला रंगमंचामागे वेगळी खोली ठेवा आणि तिथली हवा रंगमंचासारखीच राहील हे बघा. एसी लावायचा तर दोन्हीकडे सकाळपासून, नाहीतर कुठेच नको. झोत वाद्यावर येणार नाही अशी बैठक आदल्या दिवशी स्वतः बसून ठरवा. हुतात्मा स्मृती मंदिर असो की एखाद्या कॉलेजचा हॉल, हे तिथे जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही.

कागदावर हिशेब सोपा दिसतो. २४ स्पर्धक, प्रत्येकी १० मिनिटं, म्हणजे चार तास. पण बसणं, माइक हलवणं, तबला मिळवणं, तंबोरे जुळवणं यात माणशी सहा मिनिटं सहज जातात. म्हणजे जवळजवळ साडेसहा तास झाले, आणि यात जेवण धरलेलंच नाही. हे न मोजणाऱ्या संयोजकाला संध्याकाळी शेवटच्या पाच मुलांना "जरा आटोपतं घ्या" म्हणावं लागतं. त्या पाच जणांवर हा उघड अन्याय आहे. गायनाला वेळ देतानाही विचार करा. विलंबित (संथ लयीतल्या) एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, पाऊण मिनिटाच्या आसपास जातं. दहा मिनिटांत अशी तेरा-चौदा आवर्तनंच बसतात, आणि त्यातच द्रुत बंदिशही यायची असते. मोठ्या गटाला १५ मिनिटं द्या, स्पर्धक कमी घ्या.

पट्टी विचारली नाही

ही चूक मी जवळपास सगळीकडे पाहिली आहे. अर्जात नाव, वय, राग सगळं असतं, पट्टी, म्हणजे कोणत्या स्वराला सा धरून गाणार ते, नसते. मग आयत्या वेळी कळतं की मुलगी काळी चारला (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला) गाते आणि तबलजींकडे काळी एकचा तबला आहे. हातोडी मारून तबला एखाद-दुसऱ्या स्वराइतका वर-खाली होतो. त्यापलीकडे ओढला तर तो नीट बोलत नाही, पुडी, म्हणजे वरचं चामडं, खराब होते ती वेगळीच. म्हणून अर्जात राग, ताल, लय आणि पट्टी हे चार रकाने सक्तीचे ठेवा, आणि तो तक्ता साथीदारांच्या हाती किमान पंधरा दिवस आधी द्या. तबला सोलोला लेहरा, म्हणजे पेटी किंवा सारंगीवर सतत वाजत राहणारी एकच सुरावट, लागतो, तो धरणारा कोण हेही त्याच तक्त्यात यायला हवं. उत्तम साथ करणाऱ्या प्रत्येकाला तासभर न डगमगता लेहरा धरता येतोच असं नाही.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांबाबत आणखी एक काळजी घ्या. ऑगस्टमध्ये काळी चार लिहिणाऱ्या मुलाचा आवाज नोव्हेंबरपर्यंत फुटलेला असतो. पट्टी बदलायची मुभा आदल्या संध्याकाळपर्यंत ठेवा आणि ती सगळ्यांसमोर जाहीर न करता हळूच विचारा. या वयात मुलं त्याबद्दल फार संकोचतात.

वेळापत्रक नावांच्या अकारविल्ह्याने किंवा चिठ्ठ्या टाकून लावू नका. आधी राग बघा. सकाळी दहाला मारव्यासारखा सूर्यास्ताचा राग गायची वेळ एखाद्या मुलावर आली, तर त्याच्या गुरूंनाही वाईट वाटतं आणि ऐकणाऱ्यांनाही.

तारीख

सोलापुरात जानेवारी टाळा. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, लॉज मिळत नाहीत आणि गावाचं लक्षही तिकडेच असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर. दिवाळीनंतरचे आठवडे चांगले, पण कार्तिकी एकादशी कधी आहे ते आधी बघा. त्या दिवसांत पंढरपूरच्या गर्दीमुळे गाड्यांना आणि एसटीला जागा नसते. डिसेंबरमध्ये पुण्याला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव असतो. तेव्हा चांगले साथीदार आणि परीक्षक मिळणं कठीण.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. त्यामुळे प्राथमिक फेरीचा निकाल किमान ७५ दिवस आधी लावा. आमचा एकदा महिनाभर आधी लागला होता. निवडलेली तीन मुलं तिकिटाअभावी आलीच नाहीत आणि आम्ही मात्र फलकावर "राष्ट्रीय" लिहून बसलो होतो.

प्राथमिक फेरीचा व्हिडिओ एकाच टेकचा हवा. चेहरा आणि हात दोन्ही दिसावेत आणि आवाजावर कसलाही परिणाम चढवलेला नसावा.

गुणांची नुसती बेरीज

यावर माझं ठाम मत आहे. तीन परीक्षक, प्रत्येकी शंभर गुण, बेरीज करून निकाल, अशी पद्धत रूढ आहे आणि ती फसवी आहे. समजा, पहिल्या परीक्षकाने अ ला ९५ आणि ब ला ७० दिले. उरलेल्या दोघांना ब सरस वाटला. त्यांनी अ ला ७८ आणि ७९ दिले, ब ला ८० आणि ८१. बेरीज अ ची २५२, ब ची २३१. तिघांपैकी दोघांनी ब ला वर ठेवलं, तरी जिंकला अ. ज्याचा हात सैल, त्याचा निकाल. म्हणून प्रत्येक परीक्षकाने आपले क्रम लावावेत आणि ते क्रम एकत्र करावेत. तबला आणि गायन एकाच क्रमवारीत तर कधीच घालू नका. परीक्षकाचा शिष्य स्पर्धेत असेल तर त्या मुलापुरता परीक्षक बदला, आणि हे अर्ज छाननीच्या वेळीच तपासा.

प्रत्येक मुलाला परीक्षकांच्या हातचे दोन ओळींचे अभिप्राय मिळालेच पाहिजेत, बक्षीस मिळो न मिळो. "मंद्रात आवाज मोकळा कर", "तिहाईची घाई नको" एवढंसं असलं तरी मुलं तो कागद जपून ठेवतात.

सत्कार, जेवण, मुक्काम

सत्कार स्पर्धेआधी नको. पाहुण्यांना आपली चादर आणि टॉवेल जरूर द्या, पण निकालाच्या वेळी. वाद्य लावून बसलेलं पोर भाषणं संपायची वाट बघतंय, हे चित्र मला सहन होत नाही. गाण्याआधीच्या नाश्त्याला तिखट नको, साधा उपमा आणि कोमट पाणी ठेवा. शेंगाचटणीचं पुडकं घरी जाताना द्या. अठरा वर्षांखालच्या मुलांसोबत पालक हवेतच. व्हिडिओ टाकण्यासाठी त्यांची लेखी संमती आधी घ्या. धारवाड-कलबुर्गीकडची मुलं बिचकतात, तिथे कन्नड बोलणारा स्वयंसेवक लावा. हैदराबादकडच्यांसाठी तेलुगू येणारा. आपल्या गावात दोन्ही हवे तितके आहेत.

आणि निकालाची वेळ ठरवताना सगळ्यात लांबून आलेल्या मुलाचं परतीचं तिकीट समोर ठेवा. त्याची गाडी रात्री साडेनऊची असेल, तर निकाल सातच्या आत लागायला हवा.