जुन्या डिझेल पिकअपचं मिसिंग: पंप खोलण्याआधी

पहाटे भाजी भरून बेळगावच्या एपीएमसीला निघालेली पिकअप चढाला भकभक करायला, ठोके चुकवायला लागली (यालाच मिसिंग म्हणतात), की गॅरेजात पहिलं वाक्य ठरलेलं: "पंप कॅलिब्रेशनला टाकूया." म्हणजे इंजिनाला डिझेल दाबून पाठवणारा पंप काढून दुकानात जुळवून घ्यायचा. हे खर्चिक काम, आणि दोष बहुधा त्याच्या अलीकडेच सापडतो. आधी कोणता सिलिंडर मार खातोय ते शोधा.

हे सगळं यांत्रिक पंपाच्या, 4 सिलिंडरच्या जुन्या गाड्यांसाठी आहे. कॉमन रेल (सगळ्या सिलिंडरांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) गाडीत पाइप सैल करायची चाचणी करायचीच नाही. तिथे 1000 बारच्या वर दाब जातो आणि केसाएवढा फवारासुद्धा कातडीत घुसतो.

पहिलं काम कानाचं. ठोका ठरावीक लयीत चुकतोय, म्हणजे एकच सिलिंडर कमजोर आहे. कधी चुकतो, कधी नीट चालतो, मध्येच आरपीएम खाली-वर होतो, तर डिझेलमध्ये हवा किंवा पाणी आहे. मोकळी नीट चालते, पण भरलेली गाडी चोर्ला घाट चढताना दम सोडते, तर डिझेल फिल्टर चोंदलेला. तो सरळ बदला. धूरही बघा. डोळे झोंबवणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, निळा म्हणजे ऑइल. पांढरी वाफ इंजिन तापल्यावरही थांबत नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मधलं पॅकिंग) गेलंय.

लय अनियमित असेल तर आधी पाणी तपासा. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पेलाभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि 10 मिनिटं ठेवा. पाणी खाली बसतं, मधली रेघ स्पष्ट दिसते. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात गाडी अर्ध्या टाकीवर आठवडाभर उभी राहिली, की टाकीत आतून दव धरतं, ते इथे येतं.

हवेचं प्रकरण जास्त फसवं. फीड पंप (मुख्य पंपाला डिझेल पुरवणारा छोटा पंप) टाकीतून डिझेल ओढतो, म्हणून त्या भागात फट असली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. जोड कोरडा दिसतो आणि मेस्त्री तो ठीक आहे म्हणून पुढे जातो. फीड पंपाच्या अलीकडे हातभर पारदर्शक नळी जोडून गाडी चालू करा. बुडबुडे दिसले तर टाकीकडे एकेक जोड तपासत जा. टाकीजवळची तडकलेली रबरी नळी, सैल झालेली क्लिप आणि बँजो बोल्टचे (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) जुने कॉपर वॉशर हे नेहमीचे गुन्हेगार. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सुरू व्हायला त्रास देणाऱ्या गाडीत हेच आधी बघा. दुरुस्तीनंतर फिल्टरचा एअर स्क्रू सैल करून हँड प्रायमर (हाताने डिझेल चढवायचा छोटा पंप) मारा, बुडबुड्यांशिवाय डिझेल आलं की स्क्रू आवळा. मग पंपाच्या एअर स्क्रूचंही तसंच करा.

लय ठरावीक असेल तर सिलिंडर कापून बघा, म्हणजे एकेका सिलिंडरचं डिझेल तोडून बघा. गाडी स्लोवर ठेवा. रेडिएटरकडच्या 1 नंबरपासून सुरुवात करून इंजेक्टरवरचा (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) पाइपचा नट, बहुतेक गाड्यांना 17 चा पाना लागतो, अर्धा आटा सैल करा. भोवती जाड फडकं, डोळ्यांना चष्मा, आणि बोटं फवाऱ्यासमोर नकोत. डिझेल तापलेल्या सायलेन्सर मॅनिफोल्डवर पडू देऊ नका. इंजिन आणखी लंगडायला लागलं, तर तो सिलिंडर ठणठणीत. काहीच फरक पडला नाही, तर चोर सापडला. नट आवळून पुढच्या सिलिंडरकडे जा.

आता त्या सिलिंडरचा इंजेक्टर शेजारच्याशी अदलाबदल करा. मिसिंग इंजेक्टरबरोबर सरकलं तर त्याचं नोझल (फवारा सोडणारं टोक) टपकतंय किंवा अडकलंय. टेस्टिंगला फक्त तेवढं द्या. बसवताना नवीन कॉपर वॉशर एकच घाला. जुना वॉशर भोकाच्या तळाशी चिकटून राहतो. टॉर्च लावून बघा. दोन वॉशर बसले, की नोझल वर राहतं, फवारा चुकीच्या जागी पडतो आणि चांगलं नोझलही धूर काढतं.

मिसिंग जागच्या जागी राहिलं तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा गॅप, तपासा. व्हॉल्व्हला गॅपच उरला नसेल, तर तापल्यावर तो पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधल्या हवेचा दाब) निसटतं. गॅप मॅन्युअलमधल्या आकड्यानेच ठेवा. त्यानंतर डिझेलचा कॉम्प्रेशन गेज लावा. पेट्रोलचा गेज इथे चालत नाही. एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. एकच खूप कमी असेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंगा, शेजारचे दोन कमी असतील तर त्यांच्या मधलं गॅस्केट. कमी सिलिंडरमध्ये ऑइल ओतून पुन्हा मोजायची पेट्रोलवाली युक्ती करू नका. डिझेल इंजिनात पिस्टनवर जागा इतकी थोडी असते की कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

कॉम्प्रेशन चारही ठिकाणी चांगलं निघालं, तरच पंप. त्या सिलिंडरचा एलिमेंट (पंपातला डिझेल दाबणारा दट्ट्या) किंवा डिलिव्हरी व्हॉल्व्ह (पंपातून पाइपकडे जाणारा व्हॉल्व्ह) गेलेला असतो. पंप काढण्याआधी त्याच्या फ्लँजवर (बोल्ट बसतात ती कड) आणि इंजिनच्या बॉडीवर मिळून छिन्नीने एक रेघ मारा, नाहीतर बसवताना टायमिंग सरकतं. पंपाच्या दुकानात सिलिंडरचा नंबर सांगा, आणि खोलण्याआधी चारही लाइनचं डिझेल बेंचवर मोजून घ्यायला लावा.