नकाशा-डेटा सर्व्हिसची जुनी साइट नवी केली, माझा अनुभव

आमची सर्व्हिस ठिकाणाचं नाव दिलं की अक्षांश-रेखांश देते, शिवाय नकाशाचे लेयरही, एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामने आमच्याकडून डेटा मागायची सोय) ठणठणीत होता पण साइट पार जुनाट, मोबाइलवर आडवं सरकवत बसायचं आणि डॉक्युमेंटेशनमधली बरीच उदाहरणं चालतच नव्हती. डिझाइनला हात लावायच्या आधी मी ती उदाहरणं घेतली, कारण डेव्हलपर येतो तो कॉपी-पेस्ट करायलाच. सगळीकडे एचटीटीपीच्या, म्हणजे असुरक्षित लिंक, त्यामुळे सुरक्षित एचटीटीपीएस पानावरून जावास्क्रिप्टने कॉल केला की ब्राउझर सरळ ब्लॉक करायचा, त्या बदलल्या.

खरी गोची अक्षांश-रेखांशाच्या क्रमाची होती. जिओजेसनमध्ये (ठिकाणांचा डेटा लिहायचा फॉरमॅट) रेखांश आधी, २०१६ च्या आरएफसी ७९४६ या त्याच्या मानकात तसं स्पष्ट आहे, पण डब्ल्यूएमएस (नकाशाचं चित्र मागवायचं मानक) १.३.० ला ईपीएसजी:४३२६ ही नेहमीची अक्षांश-रेखांश पद्धत दिली की अक्षांश आधी लागतो आणि त्याच्याच १.१.१ आवृत्तीत पुन्हा उलटं. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, लोकांचे पॉइंट भलतीकडेच जायचे, वाईट वाटायचं बघून. आता प्रत्येक उदाहरणाशेजारी क्रम ठळक लिहिलाय, खाली लीफलेट या जावास्क्रिप्ट लायब्ररीचा छोटा नकाशा टाकलाय, आणि लीफलेटला अक्षांश आधी लागतो तेही तिथेच सांगितलंय.

जुन्या पानांना ३०१ रिडायरेक्ट (नव्या पत्त्यावर कायमचं पाठवणारे) लावले. एपीआयचे पत्ते मात्र होते तसेच ठेवले, कारण कुणाची जुनी स्क्रिप्ट रिडायरेक्टच्या मागे जाईलच असं नाही.