चरबीचा टक्का मोजायला शिकताना

आहारशास्त्र शिकून मी नाशिकमध्ये कामाला लागले, तेव्हा बॉडी फॅटच्या मशीनवरचा आकडा म्हणजे प्रत्यक्ष मोजमापच, असे धरून चालत होते. वास्तविक मशीन अंगातून सोडलेल्या सौम्य विद्युतप्रवाहाला होणारा विरोध तेवढा मोजते. त्यावरून पाणी, पाण्यावरून स्नायू-हाडांचे वजन आणि उरलेली ती चरबी, हा सगळा हिशेब सूत्राचा असतो, आणि सूत्र ज्या लोकांवर बसवले त्यांच्या शरीराची ठेवण त्यात मुरलेली असते.

हे मला पेठ तालुक्यातल्या एका शिबिरात उमगले. भातलावणी उरकून आलेल्या एका किरकोळ अंगाच्या ताईंची चरबी मशीनने माझ्यापेक्षा जास्त दाखवली. त्यांचे तळवे कोरडे, टाचा भेगाळलेल्या. ओल्या फडक्याने पाय पुसून पुन्हा उभे केल्यावर आकडा उतरला, पण मला पटेना. मग कातडीच्या घडीची जाडी मोजणारा चिमटा, म्हणजे कॅलिपर, काढला. खांद्याच्या फऱ्याच्या खालच्या टोकाशी कातडीची घडी अंगठा आणि तर्जनीत उचलून धरली, कॅलिपर लावून दोन सेकंद थांबले आणि मग काटा वाचला. दंडामागची घडी अगदी पातळ होती, पाठीची मात्र त्या मानाने जाड निघाली.

अंग बारीक पण चरबी जास्त, असे आपल्याकडे वारंवार आढळते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले होते: दोघांचाही बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २२.३, पण चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची जादा वजनाची रेषा २५ ऐवजी २३ वर आणि लठ्ठपणाची ३० ऐवजी २५ वर धरतात. कंबरेची मर्यादा पुरुषांना ९०, स्त्रियांना ८० सेंटिमीटर.

कॅलिपर तरी निर्दोष आहे का? नाही. घड्यांच्या बेरजेवरून टक्का काढण्याचे ड्यूर्निन आणि वोमर्स्ली यांचे १९७४ चे प्रसिद्ध सूत्र ग्लासगोतल्या ४८१ जणांवर बेतलेले आहे. त्यामागे चरबीची घनता दर घन सेंटिमीटरला ०.९ ग्रॅम आणि उरलेल्या शरीराची १.१ ग्रॅम हे गृहीतक असते, जे अंगात पाणी जास्त असलेल्या लहान मुलांना किंवा हाडे विरळ झालेल्या वृद्धांना नीट लागू पडत नाही.

त्यामुळे नोंदवहीत नुसता टक्का लिहू नका. घड्यांचे मिलिमीटर, मशीनने दाखवला तर विरोधाचा ओहममधला आकडा आणि वापरलेल्या सूत्राचे नाव, हे सगळे लिहा. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांच्या जुन्या नोंदींत आम्ही फक्त टक्के उतरवले होते; मशीन बदलल्यावर त्यांतली एकही नोंद नव्या आकड्यांशी ताडून पाहता आली नाही.