राज्यघटनेचा अभ्यास: तास नव्हे, तारखा आखा

एमपीएससीच्या अभ्यासाचं वेळापत्रक बहुतेक जण तासांत मांडतात. राज्यघटना 2 तास, भूगोल 2 तास. त्यात वाचनाला जागा असते, आठवून पाहायला नसते. म्हणून तारखा आखा. राज्यपालांचं प्रकरण 1 तारखेला वाचलंत, तर पुस्तक मिटतानाच वहीच्या शेवटच्या पानावर 2, 5, 12 आणि 28 या तारखा टाका. त्या दिवशी ते प्रकरण वाचायचं नाही, न बघता लिहून काढायचं.

पहिली तारीख दुसऱ्याच दिवशीची का? विसरणं सुरुवातीलाच सर्वांत वेगानं होतं, पुढे ते मंदावतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये हे स्वतःवरच प्रयोग करून मांडलं. एकदा नीट आठवलं की ते जास्त दिवस टिकतं, म्हणून पुढची अंतरं वाढवायची.

एक बैठक 50 मिनिटांची धरा. पहिल्या 10 मिनिटांत आज तारीख असलेलं जुनं प्रकरण कोऱ्या कागदावर उतरवा. मग 25 मिनिटं नवीन वाचन, एका बैठकीत झेपेल तेवढंच: अनुच्छेद 153 ते 162 पुरेत. पुढची 10 मिनिटं पुस्तक बंद करून तेच लिहा आणि उरलेल्या 5 मिनिटांत लाल पेनानं तपासा. जे सुटलं तेवढंच लाल होईल. पुढच्या उजळणीला आधी हे लाल शब्द विचारायचे.

कोऱ्या कागदावर सुरुवातीला चारच ओळी येतात आणि इथेच बरेच जण पुन्हा पुस्तक उघडतात. दोन-तीन मिनिटं थांबा, डोकं खाजवा. ताण पडतो म्हणूनच ते पक्कं होतं. हायलायटर मारलेलं पान तिसऱ्यांदा वाचताना सगळं येतंय असं वाटतं. ती पानाची ओळख असते, उत्तराची नव्हे. रोडिगर आणि कारपिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र आठवून पाहणारे.

ज्यांचे अनुच्छेद क्रमांक एकमेकांत घोळतात अशा जोड्यांसाठी चिठ्ठ्या करा. ए-फोर कागदाचे आठ तुकडे, एका चिठ्ठीवर एकच प्रश्न. ‘राज्यपालांचे अधिकार सांगा’ ही चिठ्ठी निकामी, कारण अर्धं आलं तर बरोबर धरायचं की चूक? ‘राष्ट्रपतींचा अध्यादेश कोणत्या अनुच्छेदात?’ (123) आणि ‘राज्यपालांचा?’ (213) अशा दोन वेगळ्या करा, पण विचारताना एकत्र पिसा. क्षमादानाचंही तसंच: 72 राष्ट्रपतींचा, 161 राज्यपालांचा. तिसरी चिठ्ठी फरकाची हवी: लष्करी न्यायालयाच्या शिक्षेबाबत 72 लागू होतो, 161 नाही. एकेक प्रकरण सुटंसुटं पाठ केलं की हा फरक पेपरात पर्याय समोर आल्यावर गोंधळतो.

चिठ्ठ्यांना तीन कप्पे पुरतात: रोज, तीन दिवसांनी, आठवड्यानं. बरोबर आली की पुढच्या कप्प्यात, चुकली की थेट पहिल्यात. चुकलेली जागीच ठेवण्याचा मोह होतो, तो टाळा.

आता हिशेब. आठवड्याला 6 नवी प्रकरणं आणि प्रत्येकाच्या 4 उजळण्या. घडी बसली की आठवड्याला 24 उजळण्या, प्रत्येकी 10 मिनिटं, म्हणजे 4 तास. हे तास बाजूला काढले नाहीत तर तिसऱ्या आठवड्यापासून तारखा तुंबतात आणि वही कपाटात जाते. रविवारी नवीन काही घेऊ नका, राहिलेल्या तारखा तेव्हा भरा. तरीही थकबाकी उरली तर पुढच्या आठवड्यात नवी प्रकरणं 4 वर आणा. उजळण्या कापू नका. घरचं लग्न, आजारपण यांनी आठ दिवस गेले, तर चुकलेल्या सगळ्या तारखा भरत बसायचं नाही. प्रत्येक प्रकरण एकदा लिहून पाहा. निम्म्याहून कमी आलं तर त्याच दिवसापासून चारही तारखा नव्यानं टाका, बाकीच्यांची पुढची तारीख तशीच ठेवा.

पूर्व परीक्षेआधीच्या 3 आठवड्यांत नवीन प्रकरण बंद. तेव्हा कोऱ्या कागदाची जागा मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका घेतात, घड्याळ लावून. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाची चिठ्ठी त्याच संध्याकाळी पहिल्या कप्प्यात टाका.